पाहुणा कुत्रा घरी आणताना: आधीच्या कुत्र्या-मांजरांशी त्याची ओळख कशी करून द्यावी

माझ्याकडे पहिला फॉस्टर कुत्रा, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत तात्पुरता सांभाळायचा कुत्रा, आला तेव्हा मी त्याला रिक्षातून उतरवलं, जिना चढवला आणि दार उघडून सरळ हॉलमध्ये सोडलं. आमचा कुत्रा बंड्या तेव्हा नऊ वर्षांचा, स्वभावानं अगदी गरीब. "तो कुणालाही सांभाळून घेतो," असं मी सगळ्यांना सांगत असे. दहा मिनिटांत बंड्याचा कान फाटला, चार टाके पडले. मनी मांजर माळ्यावर जी चढली ती तिसऱ्या दिवशी खाली उतरली. दोघांचाही यात दोष नव्हता. नव्याला घर अनोळखी होतं आणि जुन्यांच्या घरात कुणीतरी न विचारता घुसलं होतं. ओळख करून द्यायचं काम माझं होतं, ते मी केलं नव्हतं.

त्याला आता तीन वर्षं झाली. पुण्यात कर्वेनगरच्या याच दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये त्यानंतर सात कुत्रे राहून गेले, सातही जणांना पुढे कायमचं घर मिळालं आणि पुन्हा टाके घालायची वेळ आली नाही. बदललं ते एवढंच, की आता सुरुवातीचे दिवस एका खोलीचं दार बंद असतं. शेजारी विचारतात, "रस्त्यावरून आणलंत आणि वर कोंडून ठेवलंत?" मी त्यांना दाराच्या फटीतून आत बघायला सांगते. बहुतेक वेळा कुत्रा गाढ झोपलेला असतो.

होकार देण्याआधी

प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेचा फोन येतो तेव्हा कुत्रा संकटात असतो, त्यामुळे पटकन हो म्हणावंसं वाटतं. तरी चार गोष्टी विचारा आणि उत्तरं व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. औषधपाण्याचा खर्च कोण करणार? रात्री-अपरात्री काही झालं तर कोणत्या डॉक्टरांकडे न्यायचं? साधारण किती आठवडे ठेवायचं? आणि माझ्या घरच्या प्राण्यांशी जमलंच नाही तर दुसरी सोय किती दिवसांत होईल? हा शेवटचा प्रश्न विचारताना लोकांना संकोच वाटतो. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण उत्तर नसेल तर तुमच्या मांजरीचे पुढचे काही महिने पणाला लागतात.

कुत्र्याबद्दल जेवढं कळेल तेवढं विचारून घ्या. मांजराबरोबर कधी राहिलाय का, ताटलीजवळ कुणी आलं तर गुरगुरतो का, लसी कोणत्या झाल्यात, नसबंदी झाली आहे का. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाला खाच असेल तर नसबंदी झालेली असते आणि त्या वेळी रेबीजची लसही दिलेली असते. ती कधी दिली हे मात्र खाच सांगत नाही, आणि रेबीजची लस ठरावीक काळानं पुन्हा द्यावी लागते.

मग स्वतःच्या घराकडे बघा. तुमच्या कुत्र्याची आणि मांजराची वार्षिक लस राहिली असेल तर आधी ती उरका. घरातलं म्हातारं जनावर आजारी असेल, कुत्री माजावर असेल, घरात लस पूर्ण न झालेली पिल्लं असतील तर या वेळी नाही म्हणा. आपल्या जिवांना धोक्यात घालून दुसऱ्या जिवाला आधार देता येत नाही.

पुण्यात आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे दिवस कुठले आहेत. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने संध्याकाळी ढोल पथकांचा सराव सुरू होतो. नदीपात्राजवळ राहणाऱ्यांना तर तो घरात बसून ऐकू येतो. नव्या घरात आलेल्या कुत्र्याला पहिल्याच आठवड्यात ताशा ऐकवणं फार वाईट. दिवाळीच्या आठवड्यात तर मी नवा कुत्रा घेतच नाही. टाळता येत नसेल तर रस्त्यापासून लांबची खोली द्या, खिडक्या लावा, पंखा मोठा करा आणि फिरवणं आवाज सुरू होण्याआधी उरका.

सोसायटीच्या सेक्रेटरींना आधीच कळवा. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमतानंही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट वापरण्यापासूनही अडवता येत नाही. पण हे कागद दाखवायची वेळ येण्याआधीच "काका, महिनाभर एक कुत्रा ठेवतेय, घाण झाली तर मी साफ करीन" एवढं सांगितलं की निम्मं काम होतं. भाड्याचं घर असेल तर घरमालकांनाही सांगा.

ती बंद खोली

एक खोली पूर्णपणे पाहुण्याची. खोली देता येत नसेल तर मोठं बाथरूम किंवा जाळी लावलेली गॅलरी चालेल, पण ऊन आणि पाऊस आत येता कामा नये. बिनजाळीच्या गॅलरीत घाबरलेला कुत्रा कधीही ठेवू नका, तो उडी मारतो.

आत काय लागतं? पाण्याचं जड भांडं, जुनी चादर किंवा गोधडी, कोपऱ्यात वर्तमानपत्रं, आणि लपायला जागा: टेबलाखाली चादर सोडली तरी पुरे. वायरी, चपला, उंदराचं औषध, गोळ्यांची पाकिटं हलवा. फरशी गुळगुळीत असेल तर योगा मॅट किंवा पायपुसणी अंथरा. मातीवर वाढलेल्या कुत्र्याचे पाय टाइल्सवर घसरतात आणि तो एका जागी थिजून उभा राहतो. लोकांना वाटतं हट्टी आहे.

हे दार किती दिवस बंद ठेवायचं ते त्याच्या तब्येतीवर ठरतं. इतिहास माहीत नसलेला किंवा लस न झालेला कुत्रा असेल तर पूर्ण चौदा दिवस. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे कुत्र्यांचे विषाणूंमुळे होणारे जीवघेणे आजार. पार्व्होची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन दिवसांपासून आठवडाभर, कधी दोन आठवडेही जातात. डिस्टेंपरला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. म्हणजे आज उड्या मारणारं पिल्लू आठव्या दिवशी रक्ताचे जुलाब करू शकतं, आणि तोवर त्यानं तुमच्या हॉलभर विषाणू पसरवलेला असतो. पार्व्होचा विषाणू फरशीवर, मातीत महिनोन्‌महिने टिकतो. नेहमीच्या फिनाईलवर भरवसा ठेवू नका. एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं मिश्रण करा, आधी घाण पुसून घ्या, मग ते दहा मिनिटं फरशीवर राहू द्या आणि नंतर साध्या पाण्यानं पुसा. ब्लीचमध्ये संडास धुण्याचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. मांजर असलेल्या घरात तर फिनाईल एरवीही नको: तिच्या पंजांना लागतं, ती पंजे चाटते, आणि तिच्या शरीराला ते विष पचवता येत नाही.

त्या खोलीसाठी वेगळी चप्पल आणि एक जुना कुर्ता दाराजवळ ठेवा. आधी घरच्यांचं खाणंपिणं उरका, मग पाहुण्याकडे जा. परत आल्यावर साबणानं हात धुवा.

कुत्रा मोठा, लस पूर्ण झालेला आणि दुसऱ्या एखाद्या घरातून तुमच्याकडे आलेला असेल तर तीन-चार दिवस पुरतात. तेवढे मात्र हवेतच, कारण ते आजारासाठी नसून त्याच्या मनासाठी असतात.

आणायचा दिवस

पहिल्या काही तासांत कुत्रे पळतात. म्हणून दोन पट्टे: एक हार्नेसला (छातीभोवती बांधायच्या पट्ट्याला), एक गळपट्ट्याला, आणि दोन्ही तुमच्या हातात. गळपट्ट्यावर तुमचा फोन नंबर हवा. रिक्षा दोन्ही बाजूंनी उघडी असते, त्यामुळे शक्य तर गाडी मागवा. रिक्षाच मिळाली तर बरोबर दुसरं माणूस घ्या आणि कुत्र्याला दोघांच्या पायांमध्ये बसवा. स्कूटरवर आणू नका.

घरी येण्याआधी खाली पंधरा मिनिटं हिंडवा, शू होऊ द्या. पिल्लू असेल आणि लस नसेल तर मात्र उचलूनच वर न्या. लिफ्ट, जिना या गोष्टी त्यानं कदाचित पाहिलेल्याच नसतात. ओढू नका. एक पायरी, थोडं थांबणं, पुन्हा एक पायरी. बंड्या त्या वेळी दुसऱ्या खोलीत किंवा घरातल्या कुणाबरोबर फिरायला गेलेला असतो. नवा आत जातो, दार लागतं, मग बंड्या घरी येतो.

अंघोळ पहिल्या दिवशी नको, कितीही वास येत असला तरी. फक्त गोचिडांसाठी हात फिरवून बघा: कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली, काखेत. पावसाळ्यात आणि त्यानंतर पुण्यात गोचिडतापाचे रुग्ण भरपूर असतात. ताप, खाणं सुटणं, हिरड्या फिक्या पडणं यातलं काही दिसलं तर थेट डॉक्टरांकडे न्या.

गोचिडांच्या औषधाबद्दल एक गोष्ट ठळकपणे सांगते. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या काही औषधांत पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं आणि ते मांजरांना मारतं. त्यासाठी ते मांजरीला लावायलाच हवं असं नाही. औषध ताजं असताना ती त्या कुत्र्याला चिकटून झोपली किंवा तिनं त्याला चाटलं तरी धोका असतो. पाकिटावरचं नाव वाचा, आणि घरात मांजर आहे हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा.

पहिले तीन दिवस: काहीही करू नका

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी मला हे शिकवलं. तिसरा फॉस्टर, काळी कुत्री, पलंगाखालून बाहेरच येईना. मी दर तासाला जाऊन "ये गं, ये गं" करत होते. मावशी म्हणाल्या, "ताई, तिला जरा पडू द्या. माहेरून आलेली पोर पण चार दिवस बोलत नाही." मी खोलीत जाऊन भिंतीला टेकून पुस्तक वाचत बसायला लागले, तिच्याकडे न बघता. दुसऱ्या रात्री ती माझ्या पायाशी येऊन झोपली.

खाणं आधीच्या ठिकाणी जे मिळत होतं तेच सुरू ठेवा. एकदम बदललं की जुलाब होतात आणि मग ते आजाराचे की खाण्याचे हे कळत नाही. माहीत नसेल तर मऊ भात आणि बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन, थोडं थोडं, तीन-चार वेळा. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेली हाडं नाहीत. पहिल्या दिवशी काही खाल्लं नाही तरी बिचकू नका. पाणीही पीत नसेल, किंवा पिल्लू असूनही खात नसेल, तर डॉक्टरांना फोन करा.

कुकरची शिट्टी, मिक्सर, दाराची बेल यांनी तो दचकेल. ट्रक अगदी जवळून जाताना न हललेला कुत्रा शिट्टीनं थरथरतो हे मी पाहिलंय. जवळ घेऊन सांत्वन करायची गरज नाही, शिट्टी झाली की शांतपणे एक चिकनचा तुकडा टाका. आठवड्याभरात तो शिट्टी ऐकून तुमच्याकडे बघायला लागतो.

या काळात दारापलीकडच्यांचं काम आपोआप सुरू झालेलं असतं. बंड्या फटीला नाक लावतो, आतून नाक लागतं. त्यांना हुंगू द्या. कुत्र्याची तब्येत चांगली असल्याची डॉक्टरांनी खात्री दिली की चादरी बदला: त्याची बंड्याच्या जागेजवळ, बंड्याची त्याच्या खोलीत. मग दोघांच्या ताटल्या दाराच्या दोन बाजूंना, आधी सहा-सात फुटांवर, रोज थोड्या जवळ.

कुत्र्याची कुत्र्याशी भेट

पहिली भेट घराबाहेर, दोघांपैकी कुणाच्याही हक्काच्या नसलेल्या जागी. स्वतःच्या सोसायटीचं आवार नको, तिथं तुमच्या कुत्र्याची सत्ता असते. आम्ही मागच्या गल्लीत भल्या पहाटे जातो. टेकडीचा मोह टाळा: वेताळ टेकडीवर किंवा तळजाईला इतर कुत्री, माणसं आणि मोर यांच्या गर्दीत दोघांनाही सुचत नाही.

दोन माणसं, दोन पट्टे. रस्त्याच्या दोन कडांनी एकाच दिशेनं चालायचं. समोरासमोर आणायचं नाही, कुत्र्यांच्या भाषेत ती आगळीक असते. पट्टा ढिला हवा. तुम्ही ताणलात की कुत्रा ताणतो. दहा मिनिटांनी अंतर थोडं कमी करा. एक पुढे, दुसरा मागे, मग अदलाबदल, म्हणजे एकमेकांच्या शूचा वास घेता येतो. पहिल्या दिवशी इथंच थांबा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तीन सेकंद हुंगू द्या आणि हाक मारून पुढे चला.

काय बघायचं? अंग सैल, शेपटी मधल्या उंचीवर रुंद हलतेय, पुढचे पाय टेकून बूड वर, हे उत्तम. अंग ताठ, तोंड मिटलेलं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, शेपटी ताठ उभी आणि टोकाशी थरथरतेय, म्हणजे वेळ संपली, शांतपणे दूर चला. शेपटी हलतेय म्हणजे खूश आहे, या समजुतीनं बरीच भांडणं होतात. अवेळी जांभया आणि ओठ चाटणं हेही तो अवघडल्याचं लक्षण.

गुरगुरल्याबद्दल कधीही रागावू नका. गुरगुरणं ही सूचना असते, आणि सूचना देऊन मार मिळाला की कुत्रा पुढच्या वेळी न सांगता चावतो.

बाहेर तीन-चार वेळा बरं झालं की फिरून आल्यावर दोघांना एकत्र घरात घ्या. नवा पट्ट्यासकट असू द्या, पट्टा जमिनीवर लोळत राहील, गरज पडली तर टोक हातात येईल. त्याआधी खेळणी, हाडं, ताटल्या सगळं उचला. पहिला महिना जेवण वेगवेगळ्या खोल्यांत. सोफा, पलंग आणि तुमची मांडी यांवरूनही भांडणं होतात, म्हणून काही दिवस मांडीवर कुणालाच नको. आधीच्या कुत्र्याचं फिरणं, झोपायची जागा, तुमच्याबरोबरची त्याची वेळ यात काहीही कमी होता कामा नये.

मांजर

इथं घाई सगळ्यात महाग पडते, कारण कुत्रा-मांजराच्या भांडणात एका क्षणात जीव जातो. मांजरीची तयारी कुत्रा यायच्या आधीपासून करा. तिला जमिनीवर न उतरता घर फिरता आलं पाहिजे: कपाटाचा माथा, माळ्याला लावलेली फळी, खिडकीचा कट्टा. तिचं जेवण ओट्यावर किंवा फ्रिजवर, आणि तिच्या शी-शूचा मातीचा ट्रे कुत्र्याला पोहोचता येणार नाही अशा जागी, जिथून तिला दोन वाटांनी निघता येईल.

वासाची ओळख वर सांगितली तशीच. त्यानंतर नजर. फॅब्रिकेशनवाल्याकडून मी बेडरूमच्या चौकटीत बसणारं जाळीचं फाटक करून घेतलं, खाली मनीपुरती फट ठेवून. लहान मुलांसाठी जिन्याला लावतात तसलं फाटकही चालतं, मात्र मोठा कुत्रा त्यावरून उडी मारतो. फाटकापलीकडे कुत्रा पट्ट्यावर, लांब फिरून दमलेला, पोट भरलेला. मांजरीला उचलून आणायचं नाही. ती आली तर आली.

कुत्र्यानं तिच्याकडे पाहिलं की लगेच त्याचं नाव घ्या, त्यानं मान वळवली की तुकडा. पाहिलं, नाव, तुकडा. पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. काही दिवसांनी तो मांजर दिसली की आपणहून तुमच्याकडे बघतो. तो क्षण आला की मला खरंच हायसं वाटतं.

भुंकणाऱ्या कुत्र्यापेक्षा मी गप्प कुत्र्याला जास्त घाबरते. अंग थिजलेलं, मान खाली, नजर मांजरीवर खिळलेली, नाव घेतलं तरी ऐकत नाही आणि चिकनही घेत नाही: ही शिकारीची नजर. दोन-तीन आठवडे सराव करूनही ती सुटत नसेल तर संस्थेला कळवा, या कुत्र्याला मांजर नसलेलं घर हवं. माझ्याकडचा पाचवा कुत्रा असाच होता. गोड कुत्रा, माणसांवर जीव टाकणारा. त्याला मी अठराव्या दिवशी दुसऱ्या फॉस्टर घरी पाठवलं, आणि ते बरोबरच केलं.

फाटकाशिवायची पहिली भेट पट्ट्यावरच, आणि पट्टा किमान महिनाभर सोडायचा नाही. तुम्ही ऑफिसला गेलात, झोपलात, अगदी अंघोळीला गेलात तरी दोघं वेगळ्या खोल्यांत. ससा किंवा लव्हबर्ड असतील तर त्यांची खोली कायमची बंद. पिंजऱ्याच्या जाळीवर विसंबू नका.

मांजर ताण बोलून दाखवत नाही, तिचं शरीर दाखवतं. ती दोन दिवस काहीच खात नसेल तर थांबू नका, मांजराच्या यकृताला उपाशी राहणं झेपत नाही. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसून कुंथतोय आणि लघवी होत नाही, ही तर तातडीची वेळ. त्याचा मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो आणि दोन-तीन दिवसांत जीव जातो. रात्र असली तरी डॉक्टर शोधा.

भांडण झालंच तर

मध्ये हात घालू नका, गळपट्टा पकडायला जाऊ नका. स्टीलची दोन ताटं एकमेकांवर जोरात आपटा, बादलीभर पाणी फेका, दोघांच्या मध्ये खुर्ची किंवा उशी सरकवा, अंगावर चादर टाका. सुटले की वेगवेगळ्या खोल्या, आणि त्या दिवशी पुन्हा भेट नाही. केसांखाली दातांच्या खोल जखमा लपतात, डॉक्टरांना दाखवा.

माणसाला चावा किंवा रक्त आलेला ओरखडा झाला, तर वाहत्या नळाखाली साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा, "कुत्र्याला लस दिलेली आहे" असं कुणी म्हणालं तरी डॉक्टरांचं मत घ्या, आणि सांगितलेल्या सगळ्या तारखा पाळा.

तो जातो तेव्हा

कायमचं घर ठरलं की मी नव्या कुटुंबासाठी एक कागद लिहिते: काय खातो, किती वाजता शू करतो, कशाला घाबरतो, कान कुणी धरलेला चालतो का, मांजराशी कसा वागतो, लसींच्या आणि जंताच्या औषधाच्या तारखा. शेवटची ओळ नेहमी तीच असते, पहिले तीन दिवस एक खोली द्या. बरोबर त्याची चादर देते, न धुता. नव्या घरात ओळखीचा तेवढा एकच वास असतो.

इकडे बंड्या दोन-तीन दिवस त्या खोलीच्या दाराशी जाऊन बसतो. मी दार उघडून देते, तो आत फिरून कोपरे हुंगतो आणि गादीवर झोपतो. मनी तिसऱ्या दिवशी आत येते. मग मी ब्लीचची बाटली काढते.